दाराला ओळख पटते कशी?

श्रोतेहो, दार कसे उघडते हा विषय आम्ही घेतल्याचे कळताच आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "दार काय, कडी काढली की उघडते. त्यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" त्यांना आम्ही इतकेच म्हटले की, कडी काढून उघडणाऱ्या फाटकांचे दिवस आपल्या नागपुरातून हळूहळू सरत चालले आहेत. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर या भागांतून संध्याकाळी फेरफटका मारून पाहावे. मोटार बंगल्यासमोर येऊन थांबते, आतील गृहस्थ खाली उतरत नाहीत, फाटक उघडायला कोणी धावत येत नाही. आणि तरीही ते अवजड लोखंडी फाटक आपले आपण रुळावरून सरकू लागते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना तापलेल्या लोखंडाला हात लावावा लागत नाही, ही सोय काही लहान नव्हे.

परंतु ही सोय भोगणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. समोर आलेला मनुष्य घरचा आहे, हे त्या फाटकाला कळले कसे? आमच्या घरी हा प्रश्न एका रात्री मोठ्या निकडीने उभा राहिला. साडेअकराचा सुमार होता. निजानीज झालेली. एवढ्यात फाटक सरकल्याचा घरघराट ऐकू आला. काठी घेऊन बाहेर येऊन पाहतो, तो फाटक सताड उघडे आणि अंगणात चिटपाखरू नाही. फाटक लावून घेतले. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार, आणि वेळही तीच. चौकशीअंती उलगडा झाला. आमच्या समोरच्या घरातील डॉक्टर त्या सुमारास रुग्णालयातून परत येत आणि आपल्या मोटारीतून आपले फाटक उघडीत. त्यांच्या बटणाने त्यांचे फाटक उघडत होते आणि आमचेही! दोन्ही फाटके एकाच मिस्त्रीने बसवलेली होती, आणि दोन्हींत कारखान्यातून आलेला संकेत जसाच्या तसा ठेवून तो निघून गेला होता.

त्या रात्रीपासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे हाती लागले त्याचे सार आरंभीच सांगून टाकतो: दाराला माणूस कळत नाही, शिकवलेला संकेत तेवढा कळतो. म्हणून त्याला काय शिकवायचे, कोणाच्या हाती तो संकेत द्यायचा आणि शिकवलेले केव्हा विसरायला लावायचे, ही सर्वस्वी घरधन्याची जबाबदारी आहे. मिस्त्रीवर ती टाकता येत नाही.

देवडी, कुलूप आणि संकेत

महालातील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मोठ्या दरवाजातील लहान दिंडी, आतला अडसर आणि शेजारची देवडी आठवत असेल. देवडीवरचा माणूस येणाऱ्याचा चेहरा पाही, आवाज ओळखी आणि मग दिंडी उघडी. ही माणसाने माणसाची पटवलेली ओळख होती. पुढे कुलूप-किल्ली घरोघर झाली, तेव्हा चेहऱ्याची जागा किल्लीच्या दात्यांनी घेतली. कुलूप धन्याला ओळखीत नाही. दाते जुळले की चोरालाही ते उघडते. तरी किल्ली हातात धरता येते, हरवली तर जाणवते आणि दाराशी गेल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही.

रिमोटने हे शेवटचे बंधनही काढून टाकले. त्याचे दाते हवेतून जातात. ते दिसत नाहीत, आणि त्यांची नक्कल कोणी करून घेतली तर मूळ रिमोट आपल्या खिशात तसाच राहतो. किल्ली चोरीला गेली की कळते. संकेत चोरीला गेला तर कळत नाही. हा फरक ध्यानात आला म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाते.

हवेतून जाणारा निरोप

तारेवाचून दूरच्या वस्तूला हुकूम देण्याची कल्पना सव्वाशे वर्षांची जुनी आहे, आणि तिच्या आरंभकाळात आपल्या देशाचेही नाव आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात विद्युत्‌-लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली व दारू उडवून दाखवली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे पाण्यावरील एक लहान नौका दुरून रेडिओलहरींनी चालवून प्रेक्षकांना थक्क केले. दाराचे यंत्र त्यानंतरचे. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली वर उचलले जाणारे गॅरेजचे दार तयार केले आणि १९२६ साली ते विजेच्या मोटरने उघडण्याची सोय केली. लहरी आणि दार यांची गाठ पडायला मग फार काळ लागला नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दूरचित्रवाणी संचाचा रिमोट आणि फाटकाचा रिमोट हे दिसायला भावंडे असले तरी त्यांची जात निराळी आहे. पहिला डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने काम करतो, म्हणून तो संचाकडे रोखावा लागतो. फाटकाचा रिमोट रेडिओलहरी सोडतो. त्या काचेतून आणि कापडातून जातात, म्हणून खिशातून बटण दाबले तरी चालते. आपल्याकडील पुष्कळ फाटकांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ या कंपनसंख्येवर चालतात. त्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर भरते, आणि तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे १७ सेंटिमीटरांच्या आसपास, तार ग्राहक-यंत्राला जोडलेली असते. ही तार लोंबते म्हणून कोणी रंगारी ती गुंडाळून लोखंडी पेटीत कोंबतो, आणि दुसऱ्या दिवसापासून फाटक 'हाताशी गेल्याशिवाय ऐकत नाही' अशी तक्रार सुरू होते. दोष रिमोटचा नसतो. दाराचा कानच बांधलेला असतो.

अमेरिकेत हीच यंत्रे बहुधा ३००, ३१५, ३९० अशा निराळ्या कंपनसंख्यांवर चालतात. त्यामुळे तिकडे असलेल्या मुलाने हौसेने पाठवलेला रिमोट येथील फाटकाशी बोलू शकत नाही. आणि तिकडील मोटर आणली तर ती ६० आवर्तनांच्या १२० व्होल्ट विजेसाठी बनवलेली असते, आपल्या ५० आवर्तनांच्या २३० व्होल्टसाठी नव्हे. कंपनसंख्या सर्वांना सामाईक असल्यामुळे होणारी गंमतही ऐकण्यासारखी आहे. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेतील काही लष्करी तळांवर ३८० ते ४०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात नवे संदेशयंत्र सुरू झाले आणि आसपासच्या वस्त्यांतील गॅरेजची दारे रिमोटला दाद देईनाशी झाली. बाजारात शेजारी कोणी ढोल वाजवीत असता आपली कुजबुज ऐकू जाऊ नये, तसे झाले.

कायम संकेत

आता संकेताकडे वळू. अगदी आरंभीच्या रिमोटांत संकेत असा नव्हताच. ठरावीक कंपनसंख्येची लहर आली की दार उघडे. साहजिकच शेजाऱ्याचेही उघडे. यावर उपाय म्हणून रिमोटच्या पोटात आणि दाराच्या यंत्रात चिमुकल्या खटक्यांची एक एक पट्टी बसवण्यात आली. प्रत्येक खटका वर किंवा खाली. दोन्ही पट्ट्यांवरील खटके सारखे लावले की ओळख पटली. खटके ८ असतील तर २५६ प्रकारच्या जुळण्या होतात, १० असतील तर १,०२४ आणि १२ असतील तर ४,०९६. अशा रिमोटला पढवणे म्हणजे टाचणीच्या टोकाने खटके सरकवणे, याहून अधिक काही नाही. आमच्या गल्लीत जे घडले ते याच जातीच्या यंत्रांत घडले. दोन्ही घरांचे खटके मूळ जागीच होते. आम्ही चार खटके वर-खाली केले आणि रात्रीचा घरघराट कायमचा थांबला.

चार हजार म्हणजे पुष्कळ, असे वाटेल. माणसाला ते पुष्कळच आहेत, यंत्राला नाहीत. २०१५ साली सॅमी कामकार या अमेरिकन तंत्रज्ञाने मुलांचे एक जुने, बाजारातून गेलेले निरोप पाठवण्याचे खेळणे घेतले, त्यात थोडा फेरफार केला आणि १२ खटक्यांच्या सर्व जुळण्या दहा सेकंदांच्या आत हवेत सोडून दाखवल्या. हे त्याने चोरीसाठी केले नाही. लोकांनी जागे व्हावे म्हणून केले. आजच्या स्वस्त रिमोटांत खटक्यांच्या जागी कारखान्यातच भरलेला २० द्विमान अंकांचा क्रमांक असतो. त्याच्या जुळण्या सुमारे साडेदहा लाख होतात. परंतु क्रमांक लांब असला तरी तो दर वेळी तोच असतो. एकदा कोणी ऐकून ठेवला की संपले. अशा रिमोटची हुबेहूब नक्कल उतरवणारे कोरे रिमोट बाजारात सर्रास मिळतात. मूळ रिमोट शेजारी धरून दोन बटणे दाबली की काम होते. सोयीचे आहे खरे. पण जी सोय आपल्याला, तीच दुसऱ्यालाही.

रोज बदलणारी परवल

शिवकालीन किल्ल्यांवरील परवलीच्या शब्दाची पद्धत आपणांस ठाऊक आहे. कालचा शब्द आज चालत नसे. म्हणून तो चोरून ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. आधुनिक रिमोट हीच युक्ती करतात, आणि तीही दर वेळी बटण दाबताना. आपण या पद्धतीला फिरता संकेत म्हणू.

समजा, रिमोट आणि दार यांच्याजवळ एकेक वही आहे. दोन्ही वह्यांत पानोपान तेच परवलीचे शब्द, त्याच क्रमाने लिहिलेले आहेत. बटण दाबले की रिमोट आपल्या वहीतील पुढच्या पानावरचा शब्द उच्चारतो आणि ते पान फाडून टाकतो. दार आपल्या वहीत तो शब्द पाहते, जुळला तर उघडते आणि तेथपर्यंतची पाने फाडते. वाटेत कोणी तो शब्द ऐकून ठेवला आणि उद्या म्हणून दाखवला, तर दार म्हणते, 'हे पान केव्हाच फाटले.' प्रत्यक्षात वही नसते. दोघांजवळ एक गुप्त अंक आणि एक मोजणी असते, आणि दर वेळी त्यांच्या गणितातून नवा शब्द तयार होतो.

आपले नातवंड रिमोट खेळायला घेते आणि घरापासून दूर, धंतोलीत मामाच्या घरी बसून दहा वेळा बटण दाबते. रिमोटची दहा पाने फाटली, दाराची एकही नाही. मग दार रुसेल काय? रुसत नाही. यंत्र रचणाऱ्यांनी नातवंडांचा विचार आधीच करून ठेवला आहे. दार केवळ पुढचेच पान पाहत नाही, काही पाने पुढपर्यंत पाहते. कीलॉक नावाची एक प्रसिद्ध पद्धत १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाली आणि १९९५ साली अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. तिच्या नेहमीच्या रचनेत पुढच्या १६ पानांपर्यंत दार बिनतक्रार उघडते. त्याहून पुढचे पान आले तर ते लागोपाठचे दोन शब्द मागते. म्हणूनच कधी कधी पहिल्या दाबाला फाटक हलत नाही आणि दुसऱ्याला हलते. यात बिघाड काही नाही. दाराने खात्री करून घेतली इतकेच.

ही पद्धत अभेद्य आहे, असे मात्र समजू नये. २००८ साली जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी कीलॉकच्या यंत्राला किती वीज लागते हे सूक्ष्मपणे मोजून त्यातील गुप्त अंक बाहेर काढून दाखवला. २०१५ साली कामकार यांनी आणखी एक युक्ती दाखवली. रिमोटचा शब्द दारापर्यंत पोचू न देता मध्येच गडबड माजवायची आणि तो ऐकून ठेवायचा. मनुष्य पुन्हा बटण दाबतो, तो दुसरा शब्दही ऐकून ठेवायचा आणि पहिला दाराला ऐकवायचा. दार उघडते, मालक समाधानाने आत जातो, आणि न वापरलेले एक पान चोराच्या हाती राहते. अशा युक्त्यांना ज्ञान आणि साधने लागतात. सामान्य चोर त्यांच्या वाटेला कशाला जाईल? त्याच्यासाठी मोटारीच्या काचेमागे अडकवलेला रिमोट पुरेसा आहे.

मोटारीला पढवणे

आमची मुलगी व जावई न्यू जर्सीत राहतात. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो, त्याच महिन्यात त्यांनी कोणाचे तरी राहते घर विकत घेतले होते. तिकडील पुष्कळ मोटारींत आरशाखाली किंवा डोक्यावरच्या पडद्यावर तीन बटणे असतात. होमलिंक नावाची ही व्यवस्था पुष्कळांच्या परिचयाची आहे. तीच बटणे दाराशी जोडायची म्हणून जावई रविवारी सकाळपासून बसले होते. हातातल्या रिमोटने दार उघडत होते, मोटारीतला दिवाही लुकलुकत होता. पण मोटारीच्या बटणाने दार ढिम्म हलत नव्हते.

कृती अशी होती. प्रथम मोटारीतील कडेची दोन बटणे एकदम दाबून धरायची, म्हणजे दहा-वीस सेकंदांत दिवा भराभर लुकलुकतो आणि पूर्वीच्या मालकाने शिकवलेले सारे पुसले जाते. मग हातातला रिमोट मोटारीच्या बटणापासून दोन-तीन इंचांवर धरून दोन्ही बटणे दाबायची. आधी सावकाश लुकलुकणारा दिवा जलद लुकलुकू लागला की मोटारीने रिमोटची भाषा उचलली असे समजायचे. कायम संकेताचे दार असेल तर येथे काम संपते, कारण मोटारीने शब्दच उतरवून घेतलेला असतो.

फिरत्या संकेताचे दार असेल तर मात्र काम अर्धेच झालेले असते, आणि जावई येथेच अडले होते. कारण वहीची गोष्ट आठवली की लगेच ध्यानात येईल. मोटारीने रिमोटचे एक पान ऐकले. त्यावरून ती कोणत्या घराण्याची भाषा आहे एवढे तिला समजले. परंतु रिमोटची वही तिला मिळालेली नाही, आणि मिळूही नये. मोटारीला स्वतःची निराळी वही काढावी लागते आणि त्या वहीची नोंद दाराच्या दप्तरी करावी लागते. ही नोंद दाराजवळ गेल्याशिवाय होत नाही. छताला टांगलेल्या मोटरच्या अंगावर 'लर्न' असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबून सोडले की दार सुमारे ३० सेकंद कान टवकारून बसते. तेवढ्या वेळात मोटारीचे बटण दोन-तीनदा, दर वेळी दोनेक सेकंद, दाबले म्हणजे नाव नोंदले जाते.

एकट्या माणसाला शिडीवरून उतरून मोटारीत शिरेपर्यंत हे ३० सेकंद सरतात. म्हणून आम्ही कामे वाटून घेतली. जावई शिडीवर, आम्ही मोटारीत, आणि सौभाग्यवती घड्याळ घेऊन मध्ये उभ्या. "बाबा, आता दाबा!" अशी वरून हाक आली, आम्ही दाबले, दिव्याने एकदा डोळा मिचकावला, दुसऱ्यांदा दाबले आणि दार निघाले वर! घरातील सर्वांनी टाळ्या वाजवल्या. जावयांचे सकाळचे दोन तास ज्या एका गोष्टीवाचून गेले होते, ती एवढीच: रिमोटची नक्कल होत नाही, दाराकडे नाव नोंदवावे लागते.

येथे दोन सूचना देतो. एका दारासाठी पढवून झाल्यावर दुसरे दार शिकवताना कडेची दोन बटणे पुन्हा दाबू नयेत. तिन्ही बटणांचे शिकवलेले पुसले जाते. आणि पढवण्यापूर्वी रिमोटचा सेल बदलावा. दुबळ्या आवाजात बोलणाऱ्याची भाषा मोटारीला उचलता येत नाही. ज्या मोटारी दाराच्या यंत्राहून बऱ्याच जुन्या असतात, त्यांना नव्या यंत्राची भाषा मुळीच कळत नाही, असेही घडते; तेव्हा मधे एक दुभाषी यंत्र बसवावे लागते.

आपल्याकडील बहुतेक मोटारींत ही बटणे नाहीत. "मोटारीच्या किल्लीवरच्या बटणानेच फाटक उघडत नाही का?" असे पुष्कळजण विचारतात. नाही. त्या किल्लीची वही फक्त मोटारीजवळ आहे आणि ती फाटकाला देण्याची सोय नाही. म्हणून आपण फाटकाचा रिमोट पडद्याला अडकवतो किंवा समोरच्या फळीवर ठेवतो. नागपूरच्या उन्हात बंद मोटारीतील ती फळी किती तापते हे सांगायला नको. सेल आणि रिमोट दोन्ही त्याने लवकर म्हातारे होतात. फाटकाच्या यंत्रावरही तेच 'लर्न' बटण असते: ते दाबावे, दिवा लागला की रिमोट दाबावा, दिवा मिचकावला की नोंद झाली. कंपनीगणिक यात थोडा फरक असतो. म्हणून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवावी.

विसरायला लावणे

आतापर्यंत शिकवण्याची गोष्ट झाली. याहून महत्त्वाची गोष्ट विसरायला लावण्याची आहे, आणि तिच्याकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते.

न्यू जर्सीच्या त्या घरात दार उघडल्यावर सर्वजण टाळ्या वाजवीत होते, तेव्हा आमच्या मनात वेगळाच विचार आला. पूर्वीच्या मालकांनी एक रिमोट दिला होता. त्यांच्याजवळ एकूण किती होते? त्यांच्या मोटारीतील बटणांना काय शिकवले होते? ती मोटार आज कोणाकडे आहे? दारावरची किल्ली-कुलपे मुलीने पहिल्याच दिवशी बदलून घेतली होती. पण या दाराची वही कोणी पाहिली नव्हती. आणि तिकडे गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात जाता येते. आम्ही जावयांना पुन्हा शिडीवर चढवले. तेच 'लर्न' बटण नुसते दाबून न सोडता दिवा विझेपर्यंत दाबून धरले की दार सर्व नावे विसरते. मग घरातील रिमोट आणि मोटारी नव्याने नोंदवल्या. अर्धा तास गेला, पण त्या रात्री झोप चांगली लागली.

नागपुरास परतल्यावर हाच धडा घरी गिरवण्याची वेळ आली. दरम्यान आमच्या फाटकाला फिरत्या संकेताचे नवे यंत्र बसले होते. सहा वर्षे आमची मोटार चालवणारे गृहस्थ दुसरीकडे नोकरीस लागले. मनुष्य अत्यंत सचोटीचा. त्यांनी रिमोट परत दिला. पण त्यांच्या आधीच्या चालकाने दिला होता का, हे घरात कोणालाच आठवेना. मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, "साहेब, सारे रिमोट एकाच खेपेत आना लागते. जो बाहेर राहिला, तो कामातून गेला समजा." त्याचे म्हणणे बरोबर होते. अशा यंत्रांत एकच नाव वेगळे काढून टाकण्याची सोय बहुधा नसते. सारी वही पुसायची आणि हजर असतील त्यांची नावे पुन्हा लिहायची. ओट्यावर रिमोट गोळा केले. आम्ही समजत होतो तीन, निघाले चार, आणि पाचवा अमरावतीला आमच्या बहिणीच्या पर्समध्ये असल्याचे फोनवर कळले. सहावा मात्र कधीच सापडला नाही. तो जेथे असेल तेथे आज निरुपयोगी आहे, हेच समाधान.

थोडे पुढे जाऊन पाहा. आपण मोटार दुरुस्तीला देतो, त्या वेळी रिमोट पडद्याला अडकलेला असतो आणि नोंदणीपुस्तकाची प्रत समोरच्या कप्प्यात असते. म्हणजे घराचा पत्ता आणि घराची किल्ली आपण एकत्र बांधून अनोळखी माणसाच्या हाती देतो. रस्त्यावर रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीची काच फोडणाऱ्यालाही हेच गाठोडे मिळते. किल्ली अशी कोणी ठेवील काय? मग रिमोट का ठेवावा? जुनी मोटार विकताना रिमोट काढून घ्यावा, मोटारीतच बटणे असतील तर ती पुसावीत, आणि बंगला वा सदनिका विकत घेतली की ताबा मिळेल त्याच दिवशी फाटकाची वही कोरी करावी.

न दिसणाऱ्या दारापाशी

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. देवडीवरचा माणूस दरवाजा लावताना खाली पाही. दुरून बटण दाबणारा पाहत नाही. अवजड दाराखाली मुले सापडून दगावण्याचे प्रकार अमेरिकेत घडले, तेव्हा १९९० साली तेथे कायदा झाला, आणि १९९३ पासून घरगुती दारांच्या नव्या यंत्रांना अडथळा ओळखणारा प्रकाशाचा डोळा किंवा तत्सम सोय आवश्यक ठरली. हा डोळा जमिनीपासून ६ इंचांहून उंच बसवायचा नसतो, कारण रांगणारे मूल त्याला दिसले पाहिजे. मोटारीतील बटणांच्या पुस्तिकेतही बजावलेले असते की, अडथळा येताच थांबून उलटे न फिरणाऱ्या जुन्या दारांना ती जोडू नयेत. आपल्याकडे सरकत्या फाटकांना हा 'सेन्सर' मिळतो, पण थोड्या पैशांसाठी तो गाळला जातो किंवा जाळे-धुळीने आंधळा झाल्यावर मिस्त्रीकडून तारा जोडून गप्प केला जातो. यासारखी दुसरी चूक नाही. फाटक दिसत नसताना बटण दाबू नये, आणि रिमोट मुलांचे खेळणे होऊ देऊ नये.

वीज गेली म्हणजे काय, हेही घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. २०१७ साली कॅलिफोर्नियात भयंकर वणवे लागले, वीज गेली आणि काही माणसांना गॅरेजचे दार हाताने उघडता न आल्याने प्राण गमवावे लागले. त्यानंतर तेथे १ जुलै २०१९ पासून घरगुती दारांच्या नव्या यंत्रांना बॅटरी असलीच पाहिजे असा कायदा झाला. आपल्या फाटकांच्या मोटरला एक लहान किल्ली असते. ती फिरवली की मोटर सुटते आणि फाटक हाताने सरकते. ही किल्ली कोठे आहे हे एकट्या कुटुंबप्रमुखाला ठाऊक असून भागत नाही. घरी एकटी असणारी आजी आणि शाळेतून येणारा नातू यांना ती एकदा प्रत्यक्ष फिरवून दाखवावी.

श्रोतेहो, दाराने धन्याला ओळखावे, ही आपली जुनीच इच्छा आहे. पूर्वी ती देवडीवरच्या माणसाने पुरवली, पुढे किल्लीने पुरवली, आज एका चिमुकल्या बटणाने पुरवली आहे. पण देवडीवरच्या माणसाला नोकरी सोडून गेलेल्याचे नाव सांगावे लागत नसे. तो आपण होऊन ध्यानात ठेवी. हे यंत्र तसे नाही. आपण सांगू तेवढेच ते शिकते, आणि सांगेपर्यंत काहीही विसरत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करावे: घरात रिमोट किती आहेत ते मोजावे आणि ते कोणाकोणाकडे आहेत ते एका कागदावर लिहावे. कागदावरचा आकडा आणि ओट्यावरचा आकडा जुळला तर उत्तम. जुळला नाही, तर उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावून फाटकाची वही कोरी करून घ्यावी.